फॅक्स, जाळे आणि पोच : कार्यालयीन संदेशवहनाच्या परिभाषेविषयी

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. यंत्राला काय म्हणावे, परकीय शब्द तसाच ठेवावा की त्याला संस्कृत धातूचा पर्याय शोधावा, हा वाद शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून आजतागायत चालू आहे. ह्या वादाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कार्यालयीन संदेशवहनाच्या बाबतीत नामांचा प्रश्न तितकासा बिकट नाही असे माझे मत आहे. फॅक्स, सर्व्हर, नेटवर्क, लिंक हे शब्द मराठीने घेतले, त्यांना लिंग दिले, विभक्तिप्रत्यय लावले आणि ती मोकळी झाली. ‘सर्व्हरला’, ‘लिंकवरून’, ‘फॅक्सने’ ही रूपे बनविताना कोणाही मराठी भाषकाला क्षणभरही अडखळावे लागत नाही. अडचण आहे ती क्रियापदांची. यंत्राने नेमके काय केले, संदेशाचा प्रवास कोठवर झाला आणि पुढचा कोणी करावयाचा, हे सांगणारी क्रियापदे आपल्या बोलण्यात संदिग्ध झाली आहेत. ह्या संदिग्धतेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, म्हणून हा विषय केवळ कोशकारांचा नाही.

धाराशिव जिल्हा ह्या विचाराला सोयीचे क्षेत्र आहे. येथील कचेरीच्या भाषेत इतिहासाचे थर उघड्या डोळ्यांनी दिसतात. बहामनी आणि आदिलशाही काळातील फार्सी, निजामी राजवटीतील आधी फार्सी व नंतर उर्दू, १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा संक्रमणकाळ, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात झालेला समावेश, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची निर्मिती आणि त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना, असे हे थर आहेत. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेच्या सुमारास, १९१७ साली, जे भाषांतर खाते सुरू झाले त्याने विज्ञानाची व कायद्याची परिभाषा उर्दूत घडविली. मराठवाड्यातील जुन्या पिढीतील वकील व कारकून ती शिकूनच कचेरीत आले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि शासनाच्या पदनाम कोशाने व शासन व्यवहार कोशाने मराठी पर्याय दिले. तरीही आज जिल्ह्यातील कोणत्याही तहसिलीत ‘अर्ज’, ‘दप्तर’, ‘नक्कल’, ‘तारीख’, ‘दखल’ हे शब्द ‘नस्ती’, ‘अधिसूचना’, ‘परिपत्रक’ ह्यांच्या शेजारी सुखाने नांदताना दिसतात. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. ‘तहसील’ मात्र तहसीलच राहिली. स्थलनामे अधिसूचनेने बदलता येतात. व्यवहारातील शब्द आपल्या पायांनी येतात आणि आपल्याच पायांनी जातात.

ह्या जुन्या कचेरीत पत्राच्या प्रवासाचा प्रत्येक टप्पा वेगळ्या शब्दाने ओळखला जाई. पत्राचा मसुदा होई, त्यावर सही होई, ते जावक नोंदवहीत चढे आणि रवाना होई. पलीकडच्या कचेरीत ते आवक नोंदवहीत उतरे व त्याची पोच दिली जाई. मग ते संबंधिताच्या टेबलावर जाई आणि अखेर त्याची दखल घेतली जाई, किंवा घेतली जात नसे. ‘आवक’ आणि ‘जावक’ हे शब्द येण्याजाण्याच्या धातूंवरून बनलेले अस्सल देशी शब्द. ‘पोच’ हाही ‘पोचणे’ ह्या धातूवरून आलेला. ‘बारनिशी’तील उत्तरपद मात्र फार्सी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा ह्यापासून आलेले; चिटणीस आणि फडणीस ह्यांच्याच कुळातले. शब्द कोठून आले हे येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की ‘रवाना’, ‘पोच’ आणि ‘दखल’ ह्यांत कोणी गल्लत करीत नसे. पत्र रवाना झाले म्हणजे पोचले असे नव्हे, आणि पोच मिळाली म्हणजे दखल घेतली असेही नव्हे, हे कचेरीच्या पायरीवर बसणाऱ्या अशिलालाही ठाऊक होते.

तारेने ह्या व्यवस्थेला धक्का लावला नाही. उलट मराठीने तारेचे नामकरण मोठ्या चातुर्याने केले. टेलिग्राफचा अर्थ उकलण्याच्या भानगडीत न पडता लोकांनी खांबावरून जाणारी धातूची तार पाहिली आणि संदेशालाच ‘तार’ म्हटले. तारघर, तारमास्तर, तार करणे, तार येणे हा सगळा संसार त्या एका शब्दाभोवती उभा राहिला. पुढे पोलिसांकडे वायरलेस आले तेव्हा ‘बिनतारी’ हा शब्द कोणी सक्ती न करता रूढ झाला, कारण ज्या शब्दाला ‘बिन’ लावावयाचे तो शब्द आधीच जिवंत होता. टेलिफोनसाठी ‘दूरध्वनी’ बनविला; तो निमंत्रणपत्रिकेत आणि सरकारी पत्राच्या शीर्षभागी राहिला, बोलण्यात आला नाही. जुन्या घरच्या शब्दाला फुटलेला कोंब वाढतो. कलम करून लावलेल्या शब्दाला पाणी घालीत राहावे लागते. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पोलीस दलातील ‘बिनतारी संदेश’ हा शब्दप्रयोग मात्र मूळ तार गेल्यानंतरही टिकून आहे.

आता फॅक्सकडे वळू. ‘फॅक्स’ हा ‘फॅक्सिमिली’ ह्या शब्दाचा तुकडा, आणि तो शब्द लॅटिनमधील ‘तसेच कर’ अशा अर्थाच्या दोन पदांचा जोड आहे. म्हणजे मुळात हे नाम नसून आज्ञा आहे. यंत्राचे कामही तेच : येथे कागदावर जे आहे तसेच तेथे कर. ह्या कल्पनेचे वय आपल्याला वाटते त्याहून बरेच अधिक आहे. अलेक्झांडर बेन ह्या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली अशा यंत्राचे एकस्व घेतले, आणि १८६५ मध्ये जोव्हान्नी कासेल्ली ह्याच्या यंत्राने पॅरिस व लिआँ ह्या शहरांमध्ये हस्ताक्षरे व रेखाचित्रे तारेवरून जाऊ लागली. टेलिफोनचा शोध त्यानंतरचा. पण फॅक्स सामान्य कचेरीत शिरला तो १९८० साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने तिसऱ्या गटाचे मानक ठरविल्यावर, कारण त्यामुळे कोणत्याही कंपनीचे यंत्र दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी बोलू लागले.

फॅक्सयंत्र अक्षर ओळखत नाही, हे त्याच्या सर्व परिभाषेचे मूळ आहे. तारमास्तर अक्षराचे कट्ट-कडकट्टमध्ये रूपांतर करी. त्यासाठी आधी अक्षर वाचावे लागे, आणि ती संकेतलिपी रोमन अक्षरांसाठी बांधलेली होती. फॅक्सयंत्र पानाचे बारीक आडव्या ओळींत तुकडे करते आणि प्रत्येक ओळीतील प्रत्येक बिंदू काळा की पांढरा एवढेच पाहते. ह्या क्रियेला ‘स्कॅनिंग’ म्हणतात. मराठीत ‘क्रमवीक्षण’ हा शब्द सुचविलेला आहे आणि तो अर्थाला धरून आहे. एका ओळीत १,७२८ बिंदू. रुंदीत दर मिलिमीटरला ८. उंचीत मात्र साध्या प्रतीला दर मिलिमीटरला ३.८५ ओळी आणि सूक्ष्म प्रतीला त्याच्या दुप्पट, ७.७. ह्यालाच ‘रेझोल्यूशन’ म्हणजे बिंदूंची घनता म्हणतात. ए-४ आकाराच्या पानाची उंची २९७ मिलिमीटर धरली तर साध्या प्रतीत सुमारे १,१४३ ओळी, म्हणजे एकूण १९ लाख ७५ हजार बिंदू होतात. सेकंदाला ९,६०० बिट वेगाने ते जसेच्या तसे पाठविले तर जवळजवळ साडेतीन मिनिटे लागतील. म्हणून यंत्र प्रत्येक बिंदू सांगत बसत नाही. ‘येथून इतके पांढरे, मग इतके काळे’ असे गटाने मोजून सांगते. ह्या क्रियेला ‘संक्षेपन’ म्हणावे. पानावरील बहुतेक जागा पांढरी असल्याने वेळ बराच वाचतो.

लिपीच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. चित्र पाठविणाऱ्या यंत्राला देवनागरी, मोडी, उर्दू सारखीच. मोडीतील जुन्या कागदाची नक्कल असो किंवा निजामी काळातील उर्दू दप्तराचे पान, यंत्राला त्यात फरक दिसत नाही. जपानमध्ये फॅक्स इतका खोल रुजला ह्याचेही एक कारण तेथील हजारो चिन्हांची लिपी हे होते. पण ह्या समदर्शीपणालाही मर्यादा आहे. उंचीत दोन ओळींमधील अंतर सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे आडव्या दिशेच्या बिंदूंपेक्षा दुप्पट विरळ. रोमन लिपीचा बहुतेक अर्थ एका पट्ट्यात मावतो. देवनागरी शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार ठेवते. आमच्या लिपीचे नाजूक काम ज्या दिशेत चालते त्याच दिशेत यंत्राची नजर मंद. बारीक टंकातील अनुस्वाराचा ठिपका दोन ओळींच्या मध्ये सापडला तर ‘त्यांचे क्षेत्र’ हे ‘त्याचे क्षेत्र’ होऊन उतरते. सामाईक खात्याच्या जमिनीविषयीच्या पत्रात ह्या एका ठिपक्याचे मोल काय होईल हे महसुलाचे काम जाणणाऱ्यांस सांगावयास नको. मराठी मजकूर सूक्ष्म प्रतीने पाठवावा हा नियम मला कोणत्याही कार्यालयीन सूचनेत आढळला नाही. तो असावयास हवा होता.

दोन यंत्रे बोलू लागण्यापूर्वी जे घडते त्याला इंग्रजीत ‘हस्तांदोलन’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि मराठीतही त्याचे तेच भाषांतर केले जाते. हाक मारणारे यंत्र १,१०० हर्ट्‌झचा सूर अर्धा सेकंद देते, तीन सेकंद थांबते, पुन्हा देते. पलीकडचे यंत्र २,१०० हर्ट्‌झच्या सुराने ओ देते. मग ते आपली क्षमता सांगते : किती वेगाने घेऊ शकते, किती रुंद कागद आहे, सूक्ष्म प्रत चालेल की नाही. पाठविणारे त्यांतील जमेल ते निवडते, एक चाचणीचा नमुना पाठवून पाहते, तो नीट उमटला नाही तर वेग कमी करते आणि मगच पान सोडते. हस्तांदोलनापेक्षा आमच्याकडील रामराम ह्या क्रियेला अधिक जवळचा आहे. पारावर भेटलेली दोन माणसे कामाचे बोलण्यापूर्वी कुठून आलात, कोणाकडे उतरलात, पाऊसपाणी कसे आहे हे विचारून एकमेकांच्या बोलण्याची पातळी ठरवितात, तेच येथे चालते. देवाणघेवाणीचे हे सर्व आगाऊ ठरलेले नियम म्हणजे ‘प्रोटोकॉल’. ह्याला ‘राजशिष्टाचार’ हा शब्द वापरलेला क्वचित दिसतो. तो मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी राखून ठेवावा. येथे ‘संकेतनियम’ पुरे.

पान संपले की पाठविणारे यंत्र विचारते : आले का? पलीकडचे उत्तर देते : आले. मग पाठविणाऱ्या यंत्रातून एक चिठोरे बाहेर येते आणि त्यावर ‘ओके’ असे छापलेले असते. कार्यालयांत हे चिठोरे पोच म्हणून नस्तीला लावण्याची पद्धत पडली. परंतु हे ‘ओके’ कोणाचे? ते यंत्राचे यंत्राला दिलेले उत्तर आहे. बिंदूंच्या ओळी पुरेशा निर्दोष आल्या, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे कागद संपला असेल तर पान यंत्राच्या स्मृतीत पडून असू शकते. छापले गेले तरी ते टोपलीत पडून असू शकते. आणि ज्याच्या नावे आहे तो रजेवर असू शकतो. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती ह्यांनी सरकार स्थापनेच्या दाव्याचे पत्र राजभवनास फॅक्सने पाठविण्याचा प्रयत्न केला. ते तेथे स्वीकारले जात नाही असे त्यांनी जाहीर केले, त्याच दिवशी विधानसभा विसर्जित झाली, आणि ईदच्या सुट्टीमुळे यंत्रापाशी कोणी नव्हते असे राज्यपाल सत्यपाल मलिक ह्यांनी सांगितले. राजकारणाचा भाग बाजूस ठेवला तरी पाठविणे, पोहोचणे आणि मिळणे ह्या तीन क्रिया किती अंतरावर असू शकतात ह्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मराठी क्रियापदांचा विचार येथे करावा लागतो. फोनसंबंधी आपली भाषा चोख आहे. ‘फोन लावला, पण लागला नाही’ ह्या एका वाक्यात लावणे आणि लागणे ही जोडी प्रयत्न व सिद्धी ह्यांतील फरक दाखविते; आणि ‘लागला, पण उचलला नाही’ असे म्हटले की तिसरी पायरीही स्पष्ट होते. फॅक्स व ई-पत्र ह्यांच्या बाबतीत मात्र आपण ‘गेला’ म्हणतो. ‘फॅक्स गेला’, ‘मेल गेला’. ‘जाणे’ हे क्रियापद निघण्याचे ठिकाण सांगते, पोहोचण्याविषयी मौन पाळते. ‘मुलगा पुण्याला गेला’ असे आपण तो एस.टी.त बसल्यावरही म्हणतो आणि पोहोचल्यावरही. बोलताना ह्या मौनाचा त्रास होत नाही, कारण ऐकणारा विचारू शकतो. कागदावर ‘फॅक्सद्वारे पाठविण्यात आले आहे’ असे कर्मणी वाक्य उतरले की कर्ताही जातो आणि पोहोचण्याचा प्रश्नही जातो. थर्मल कागदावरचे फॅक्सचे अक्षर काही वर्षांत पुसट होते, म्हणून जाणते कारकून आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढून तीच नस्तीला लावीत. तसाच एखादा उपाय ह्या वाक्यावरही व्हावयास हवा होता.

फॅक्सचा काळ आता सरत आला आहे. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने जानेवारी २०१९ पासून नवी यंत्रे घेण्यास बंदी केली. आपल्याकडे तो सक्तीवाचूनच मागे पडला. त्याची जागा संगणकांच्या जाळ्याने घेतली आणि नव्या परिभाषेचा लोंढा आला. तिची सगळी यादी देण्याचे प्रयोजन नाही. जे शब्द रोजच्या कामात अडतात तेवढेच घेऊ.

फॅक्समध्ये दोन यंत्रांमध्ये एकच सलग मार्ग बांधला जाई. जाळ्यात तसे नसते. मजकुराचे लहान लहान पुडके करतात. ह्या पुडक्याला ‘पॅकेट’ म्हणतात आणि प्रत्येकावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता म्हणजे ‘आय.पी. ॲड्रेस’. जुन्या पद्धतीत तो ३२ बिटांचा असल्याने अशा पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटींवर थांबते. नाक्यानाक्यावर पुडक्यावरील पत्ता पाहून त्याला पुढची वाट दाखविणारे यंत्र ते ‘राऊटर’. ‘वाटाड्या’ हा शब्द त्याला चपखल बसतो, पण तो कोणी वापरणार नाही हे मला ठाऊक आहे. पुडकी पोहोचल्याची खात्री दोन तऱ्हांनी होऊ शकते. एका संकेतनियमात प्रत्येक गठ्ठ्याची पोच मागितली जाते आणि ती न आल्यास गठ्ठा पुन्हा पाठविला जातो. दुसऱ्यात पोच मागतच नाहीत. पोचपावतीसह नोंदणी टपाल आणि साधे टपाल ह्यांतील भेद ज्याला कळतो त्याला हे कळावयास अडचण पडू नये. ई-पत्र तर थेट जातच नाही. जुन्या हरकाऱ्यांप्रमाणे एक सर्व्हर ते दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि ‘सेंट’ ह्या शब्दाचा अर्थ पहिल्या हरकाऱ्याने थैली उचलली एवढाच असतो.

जाळ्याने आणखी एक फरक केला. फॅक्स चित्र पाठवीत असे, संगणक संकेतांक पाठवितो. तारमास्तर परत आला असे म्हणावयास हरकत नाही. पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संकेत एक नसेल तर मजकुराची वासलात लागते. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ ही संकेतावली आली, त्याच सुमारास युनिकोड आले. पण कचेऱ्यांतील बहुतेक काम अनेक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या खाजगी टंकांत चालले. एका कार्यालयात टंकलेले मराठी पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की त्याचे निरर्थक चिन्हांचे कडबोळे होई. मग ते छापून फॅक्सने पाठवावे लागे. मराठी कार्यालयांत फॅक्स उशिरापर्यंत टिकला ह्यामागे हे एक कारण आहे. खुद्द ‘ॲड्रेस’ आणि ‘ॲप’ ह्या शब्दांचे आद्याक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ ह्यांना मराठीच्या वर्णमालेत स्थान दिले.

खेडोपाडी मात्र ह्या शब्दांचे अर्थ वेगळेच वळण घेत आहेत. ‘लाईन’ म्हणजे वीज. टेलिफोनची तारही लाईन आणि लोकांची रांगही लाईन. ‘नेटवर्क’ म्हणजे जाळे नव्हे तर भ्रमणध्वनीला मिळणारा संकेत. त्यालाच ‘रेंज’ असेही म्हणतात. भूम-वाशीच्या बालाघाटाच्या डोंगराळ भागात ‘रेंजला जाणे’ म्हणजे उंचवट्यावर जाऊन उभे राहणे. अर्थसंकोच आणि अर्थांतर ह्यांची उदाहरणे पाठ्यपुस्तकातून शोधण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी सेवा केंद्रासमोर तासभर उभे राहावे.

त्या केंद्रावर सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे होय. ‘सर्व्हर’ म्हणजे मागणी आल्यावर उत्तर देणारे यंत्र. मागणी करणारे ते ‘क्लायंट’. ‘डाऊन’ म्हणजे ते यंत्र उत्तर देत नाही. परंतु खिडकीतून हे वाक्य येते तेव्हा खरोखर काय घडलेले असते? केंद्रातीलच राऊटरला वीज नसेल. गावापासून तालुक्यापर्यंतची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली असेल. जिल्ह्याच्या ठिकाणाहून पुढचा दुवा बंद असेल. दूरचे यंत्र खरोखरच दुरुस्तीसाठी थांबविले असेल. किंवा ते चालू असून अखेरच्या तारखेला आलेल्या मागण्यांच्या गर्दीमुळे वेळेत उत्तर देऊ शकत नसेल. ह्या प्रत्येक बिघाडाला इंग्रजीत स्वतंत्र संज्ञा आहे, आणि प्रत्येकाला जबाबदार माणूस निराळा आहे. मराठी वाक्यात ह्या सर्वांचे एक विधान होते, आणि त्या विधानाला कर्ताच नाही. पूर्वी हेच काम ‘साहेब फिरतीवर आहेत’ हे वाक्य करीत असे. पण साहेब परत येण्याचा वार तरी सांगता येई.

हा भेद नुसता शाब्दिक नाही, हे ह्या जिल्ह्याने अनुभवलेले आहे. २०२० च्या खरिपात, ऑक्टोबर महिन्यातील अतिवृष्टीने येथील सोयाबीनचे फार मोठे नुकसान झाले. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या नियमाप्रमाणे अशा नुकसानीची माहिती ७२ तासांच्या आत विहित मार्गाने द्यावयाची असते. त्या मुदतीत माहिती आली नाही ह्या कारणावरून पुष्कळ शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. वादाच्या कायदेशीर अंगाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला रस आहे तो नियमातील शब्दात. इंग्रजीतील ‘कळविणे’ अशा अर्थाच्या संज्ञेसाठी आपल्याकडे ‘पूर्वसूचना’ हा शब्द रूढ झाला. नुकसान होऊन गेल्यावर द्यावयाची ती पूर्वसूचना कशी? ‘पूर्व’ हे पद येथे पंचनाम्याच्या पूर्वी अशा अर्थाने आले असावे. पण शब्द प्रथमच वाचणाऱ्याला ते पीक जाण्याच्या पूर्वी असे वाटेल. नुसते ‘सूचना’ म्हणावे तर त्याचा अर्थ आदेशवजा सल्ला असा होऊन बसला आहे. ‘वर्दी’ हा जुना शब्द हाताशी होता. पोलीसपाटील देत असे ती वर्दी, घटना घडल्यानंतर, ठरलेल्या ठिकाणी. त्याची कोणाला आठवण झाली नाही.

शब्द सुधारला तरी दुसरा प्रश्न उरतोच. ७२ तास मोजावयाचे ते कोणत्या क्रियेपर्यंत? शेतकऱ्याने बटण दाबेपर्यंत, की पलीकडच्या यंत्रात नोंद उमटेपर्यंत? ज्या पावसाने पीक जाते त्याच पावसाने वीज जाते आणि रेंजही जाते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चक्र फिरत राहिले तर शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याने कळविलेले असते. जाळ्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ ने ह्या क्रियांची व्याख्या करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यानुसार, पक्षांत वेगळे ठरले नसेल तर, पाठविणाऱ्याच्या ताब्याबाहेरील संगणकसाधनात अभिलेख शिरला की तो पाठविला गेला असे धरतात. आणि घेणाऱ्याने नेमून दिलेल्या साधनात शिरला की तो मिळाला असे धरतात. जुन्या भाषेत सांगावयाचे तर पहिली जावक आणि दुसरी आवक. कलम १२ पोचेविषयी आहे. पोच मिळाली तरच अभिलेख बंधनकारक राहील अशी अट पाठविणाऱ्याने घातली असेल आणि पोच आलीच नाही, तर तो अभिलेख कधी पाठविलाच नव्हता असे मानले जाते. व्याकरणाच्या अभ्यासकाने हे कलम जरूर वाचावे. भूतकाळातील क्रियेचे अस्तित्व नंतरच्या क्रियेवर अवलंबून ठेवणारी वाक्यरचना नित्य पाहण्यात येत नाही.

तेव्हा परिभाषा घडविणाऱ्यांनी सर्व्हरला आणि राऊटरला मराठी नावे शोधण्यात शक्ती खर्च करू नये असे मला वाटते. त्यापेक्षा क्रियांचे शब्द पक्के करावेत. पडद्यावर ‘यशस्वी’ असे उमटते तेव्हा काय यशस्वी झाले हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी ‘रवाना झाले’, ‘पोचले’, ‘नोंद झाली’, ‘दखल घेतली’ ह्यांपैकी जे खरे असेल ते उमटावे. ‘सर्व्हर डाऊन’च्या जागी ‘येथील वीज नाही’, ‘दुवा तुटला आहे’, ‘पलीकडून उत्तर नाही’, ‘गर्दी आहे’ असे म्हणता येते, आणि त्याखाली वेळ लिहिता येते. ह्यांतील एकही शब्द नवा बनवावा लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच देणे बंधनकारक आहे. ती पोच कोणत्या क्रियेची हे तिच्यावर लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही.

पीक विम्याच्या ॲपवर नुकसानीची नोंद झाली की एक क्रमांक मिळतो. त्याला ‘डॉकेट आयडी’ म्हणतात. ‘डॉकेट’ हा इंग्रजी कचेरीतील जुना शब्द. कागदाच्या पाठीवर त्यातील मजकुराचा सारांश लिहीत, ती नोंद म्हणजे डॉकेट. इंग्लंडातही सामान्य माणसाच्या तोंडी तो क्वचितच येत असेल. कळंब-परांड्याकडील शेतकऱ्यांना मात्र तो आता ओळखीचा झाला आहे. तो क्रमांक कागदाच्या कपट्यावर लिहून सात-बाराच्या उताऱ्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आढळतो. त्याला मराठीत काय म्हणतात असे मी एका वृद्ध शेतकऱ्यास विचारले असता त्यांनी कपट्याकडे पाहून उत्तर दिले, “पोच.”